तुळशीराम हवालदाराची राखीव बिरगेड

आमच्या अडतीवरच्या तुळशीराम हवालदाराकडून पलटणीचा इतिहास ऐकायचा, तर उभं राहून ऐकावा लागे. कुणी बसलं की तो तिथेच थांबायचा. "बिरगेड तीन दिवस उभी होती दिवानजी, अन् तुमाले घटकाभर उभं राहवत नाई?" अख्ख्या अमरावतीत त्याला पुरा पडणारा श्रोता एकच, आमच्या आवारात बांधलेला बैल. आणि तोही दावं तोडायच्या बेतात असायचा.

त्या वर्षांत अमरावतीला कापसाचं वेड लागलं होतं. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात भाऊबंदकी पेटली म्हणे. त्यामुळे विलायतेच्या गिरण्या उपाशी आणि आमच्या काळ्या मातीला सोन्याचं मोल! लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला आणि उघड्या बाजेवर पाठ खाजवत श्रीमंत झाले. एकानं बैलाच्या शिंगांना चांदी चढवली. त्याच्या बायकोच्या कानात मात्र पितळच होतं. मी अडतीवर दिवाणजी. सकाळपासून गाड्यांची रांग, शेटजींचा आरडाओरडा, नाकातोंडात कापसाचे तंतू. आणि अशा गर्दीत हा माणूस खाकरून सुरू करायचा, "तं त्या वक्ती आमची राखीव पायदळ बिरगेड..."

पलटणीतून निघाल्यावर हवालदार आमच्याकडे राखणदार म्हणून लागला होता. मिशांना रोज तेल, बुटांना मात्र तळ नाही. कापसाच्या गंजीपासून मोजून वीस पावलं मागे उभा राहायचा. म्हणे, "राखीव मांगंच राह्यते." शेटजी कपाळावर हात मारून म्हणायचे, "चोर गंज उचलून नेईल आणि हा त्याला वेशीपर्यंत पोचवून येईल!"

हंगाम सरला, गाड्या ओसरल्या, तसा हवालदार शेटजींपुढे येऊन उभा राहिला. बिरगेडीचा इतिहास कागदावर पाहिजे होता, आणि त्याला स्वतःला तर अक्षर येत नव्हतं. शेटजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. राखणदाराचा पगार वाढवण्यापेक्षा दिवाणजीला राबवणं केव्हाही स्वस्त.

लिहिताना बसायची मला खास परवानगी मिळाली. बंडाच्या साली यांना नर्मदेपलीकडे नेलं. समोर एक गढी. पुढची पलटण गढीवर चढाईला गेली आणि यांची राखीव बिरगेड टेकडीमागच्या आंबराईत उभी केली. पहिल्या दिवशी तुरीची डाळ शिजली नाही, पाणी जड होतं. दुसऱ्या दिवशी खेचरानं साहेबाची टोपी खाल्ली. तिसऱ्या दिवशी उभे होते.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? उभे होतो."

"कुठवर?"

"हुकूम येयेपर्यंत."

"मग हुकूम आला कधी?"

"नाई आला."

बावीस पानं झाली, राजे हो! बावीस पानांत एक गोळी नाही, एक गनीम नाही. जायबंदी म्हणाल तर ती टोपी. एकदा मी चिडून म्हटलंही, "हवालदार, हा इतिहास आहे की आचाऱ्याचं टिपण?" तो जराही ढळला नाही. "पुढचे लढतेत, ते कावून? मांगं आमी हाओ म्हनून. हे लिवलं का?" लिहिलं, बाबा, तेही लिहिलं.

शेवटी माझं डोकं फिरलं. पुढच्या पानावर मीच हुकूम आणला. बिगूल वाजवला, बिरगेड टेकडीवरून खाली सोडली, हवालदाराच्या हातून तीन गनीम लोळवले. आणि दुपारी गाडीवाले गोळा करून हवालदारादेखत खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. गाडीवाले खूश! "वा रे हवालदार! इतके दिस कावून लपवलं बे?" मला वाटलं, आता हा माझे पाय धरतो.

हवालदार म्हणाला, "परत वाचा."

मी परत वाचलं. तिसऱ्या गनिमापर्यंत आलो, तेवढ्यात त्यानं पान माझ्या हातातून काढून घेतलं.

"आमी गेलो असतो दिवानजी, तं माहा श्रावन वाचला असता ना."

श्रावण त्याचा धाकटा भाऊ. पुढच्या पलटणीत होता, गढीखालीच पडला. गाडीवाले गुपचूप आपापल्या बैलांकडे गेले. मीही गेलो असतो, पण मला बैल नव्हते.

मग त्यानं बसून सांगितलं, पहिल्यांदाच बसून. श्रावणाची बायको अकोल्याला असते. हा परत आला तेव्हा तिनं शेजारणीच्या तोंडून एकच विचारलं होतं, "यायले इचारा, हे तवा कुठं होते?" आमच्या वऱ्हाडात धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही. समोरसुद्धा येत नाही. मध्ये तिसरं माणूस लागतं. तेव्हा तिसरं माणूस होतं, पण याच्याच तोंडून शब्द फुटला नाही. इतकी वर्षं हा त्या एका प्रश्नाचं उत्तर जुळवत होता. बाजारात आमच्यापुढे चालायची ती त्याचीच तालीम. आणि मी मेला खेचरानं खाल्लेल्या टोपीवर हसत होतो!

"अकोल्याले येता का? तुमी वाचा, मी बायेर उभा राह्यतो," तो म्हणाला.

शेटजींना पोटदुखीचं सांगितलं आणि बैलांची दमणी जोडून निघालो. तिसऱ्या दिवशी अकोल्यात शिरलो. मोर्णेकाठी तिचं एका खोलीचं घर. ओसरीवर चरकी फिरवून लोकांच्या कापसातली सरकी काढत बसली होती. याला पाहताच तिनं पदर ओढला आणि दाराआड गेली. हवालदार अंगणात पाठ करून उभा राहिला. मी उंबऱ्यावर बसून वाचायला लागलो. डाळ वाचली, खेचर वाचलं, उभं राहणं वाचलं. या बाईनं सरकीची टोपली आमच्या डोक्यात घातली असती, तरी मी तिला नावं ठेवली नसती.

"हुकूम आला नाही," एवढं वाचून मी थांबलो.

दाराआडून आवाज आला. "यायले इचारा, याच्यात आमच्या घरचं मानूस कुठं हाये?"

मी पानं चाळली. माझ्याच हातची पानं, तरी चाळली. खेचर दोनदा, टोपी चारदा, श्रावण एकदाही नाही. मी हवालदाराकडे पाहिलं.

आणि मग जे झालं, ते मी वऱ्हाडातल्या कुठल्या घरात पाहिलं नव्हतं. तिनं मधलं माणूस सोडून दाराआडून थेट भासऱ्यालाच विचारलं.

"तुमालेच इचारून राहिली मी. त्या दिशी ते जेवून गेलते का?"

हवालदार वळला नाही. "हो," म्हणाला. "सकाळी आंबराईत माह्याजवळ आला होता. अर्धी भाकर त्यानं खाल्ली, अर्धी मी. मिरची मांगत होता. माह्यापाशी नोती."

"मिरचीबिगर त्यायले घास जात नोता," ती म्हणाली आणि रडायला लागली. अंगणात हवालदार रडला. मधलं तिसरं माणूस मी. मलाही रडू आलं, त्यात लाज कसली!

मी कागद गुंडाळले. हवालदारानं डोळे पुसले आणि तो दमणीकडे वळला.

"जेवल्याबिगर जाऊ नोका," दाराआडून ती त्याला म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.