शेख सर आणि कुडाची भिंत

दाराची चौकट डोक्याला लागली तर माणूस डोकं चोळतो. शेख सर आधी चौकट चोळत. "तिलाही तेवढंच लागलं, मास्तर. आपण ओरडतो, ती बिचारी ओरडत नाही."

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची आली, त्या सुमारास मी जव्हारच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो. शेख सर विज्ञान शिकवत. पण त्यांचा जीव क्रिया-प्रतिक्रियेच्या नियमावर. छडी त्यांनी कधी उचलली नाही. "पोराला लागतं तेवढंच छडीला लागतं. आणि छडी सरकारी आहे!"

एकदा खोडाळ्याकडच्या एका पोरानं विचारलं, "सर, बैल गाडीला वढतो, गाडी बैलाला तेवढीच वढते, मग बाजाराला जातं कोन?" सर इतके खूश झाले की बैल जमिनीला मागं रेटतो नि जमीन बैलाला पुढं रेटते, हे त्यांनी स्वतः बैल होऊन दाखवलं.

ते चिडत एकाच गोष्टीवर. पेपरात कुणी 'आधी क्रिया होते, मग प्रतिक्रिया' असं लिहिलं की भोपळा. "आधी-मग कुठून आणलं रे? जोडीनं! दोन्ही जोडीनं!" सर बाजारातून चालले की पोरं मागून ओरडत, "जोडीनं!" सर न वळता हात वर करून ओरडत, "जोडीनं!"

राहायचे मात्र एकटे. वडिलांच्या घराचे दोन भाग झाले होते. मधे कारवीचा, शेणामातीनं लिंपलेला पातळ कूड. पलीकडे थोरले भाऊ उस्मानभाई, शिलाईकाम करणारे. वाटणीच्या भांडणात त्यांनी सरांच्या थोबाडीत मारली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

मी एकदा उस्मानभाईंकडे लेंगा शिवायला टाकला, तेव्हा भीतभीत विषय काढला. मशीन न थांबवता ते म्हणाले, "मोठा मी आहे, मास्तर. सलाम आधी धाकट्यानं करायचा. सांगा तुमच्या सायन्सला!"

मी सांगितलं.

"थप्पड त्याची," सर म्हणाले. "आधी तो बोलेल, मग मी."

"सर, आधी आणि मग?"

सर म्हणाले, "ते वस्तूंचं आहे, मास्तर. माणसांचं वेगळं."

संध्याकाळी सर त्याच कुडाला पाठ टेकून मोठ्यानं वाचत बसत. मी गेलो की शेजारी बसवून घेत. "टेका पाठ. भिंत कशी परत रेटते बघा." खरंच रेटायची. कूड मागं वाकतोय असं वाटेपर्यंत पलीकडून भरीव आधार मिळायचा. विज्ञानातलं मला फारसं कळत नसे. मी तो नियमच समजत होतो.

एका उन्हाळ्यात सर अचानक गेले. उस्मानभाईंनी खांदा दिला. चाळिसाव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. मशीन खिडकीपाशी होतं. सतरंजी मात्र कुडाला लागून अंथरलेली, आणि वर कुडावर डोक्याच्या तेलाचा काळा डाग. अगदी तसाच, त्याच उंचीवरचा डाग मी पलीकडे सरांच्या खोलीत रोज पाहिला होता.

"तुम्हीही इथंच बसता?"

"तो बसायचा तेव्हा मीही बसायचो. लहानपणापासून मोठ्यानं वाचायची सवय त्याची. ऐकू यायचं." उस्मानभाईंनी डोळे पुसले नाहीत. "वाटायचं, वाचता वाचता आज 'भाईजान' म्हणेल."

"आणि तुम्ही?"

"मी मोठा ना, मास्तर."

त्यांनी पाठ टेकली नि लगेच सरळ झाले. "आता बसवत नाही. भिंत मागं जाते."

मी उठून सरांच्या खोलीत गेलो. इतकी वर्षं ताठ उभा राहिलेला कूड सरांच्या बाजूला झुकला होता. मी सरांच्या जागेवर बसलो आणि पाठ टेकली. थोड्या वेळानं पलीकडून हलकेच रेटा आला.

मी सर नव्हतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी दिवेलागणीपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.