जबड्याचं निमित्त

वेणूबाईंनी आरशासमोर गाल धरून कण्हून पाहिलं. बरं जमलं. दुखत काहीच नव्हतं, पण शनिवार पेठेतल्या त्या दवाखान्यात शिरायला दुखणं हवं होतं. तिथली फिजिओथेरपिस्ट नम्रता त्यांच्या दत्तप्रसादला सांगून आली होती.

"आई, आधीची स्थळं तुझ्या प्रश्नांनी पळाली. हेही मोडलं तर मी पुन्हा लग्नाचं नाव काढणार नाही," असं लेकाने बजावलं होतं. रविवारी मुलगी बघताना तोंड उघडणार नाही, असं वेणूबाईंनी कबूलही केलं होतं. रविवारच्या आधीचं काही ठरलं नव्हतं.

दवाखान्यात त्यांनी नाव सांगितलं सोजरबाई, आणि खुर्चीत बसताच सुरुवात केली. "काय गं, लग्नानंतरही हे काम..."

"आधी तोंड उघडा, काकू. तुमची तीन बोटं उभी मावायला हवीत."

दोनसुद्धा मावेनात. वेणूबाई घाबरल्या. आणलेलं सोंग खरं निघालं होतं.

नम्रताने हातमोजा चढवला आणि गालाच्या आतून आखडलेला स्नायू दाबला. वेणूबाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"मनाविरुद्ध झालं की दात आवळून बसता का?"

"आँ."

"राग कोणावर निघतो? सुनेवर?"

"आँहाँ!"

"अजून सून नाही वाटतं?"

तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल वाजला. पडद्यावर दत्तप्रसादचा हसरा फोटो आला, स्थळासाठी पाठवलेला तोच. नम्रता त्याच्याकडे बघतच राहिली. आता संपलं, या धसक्याने वेणूबाईंचे दात आवळले गेले.

"काकू, माझं बोट!"

दात सुटले. नम्रताने बोट चोळलं आणि फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"आई, कुठे आहेस?"

"मी नम्रता बोलतेय. त्या इथे आल्यात. सोजरबाई या नावाने."

"मग मोडलंच म्हणायचं," दत्तप्रसाद हळूच म्हणाला. त्याचा पडलेला आवाज वेणूबाईंनी ऐकला. आपणच केलं हे, या विचाराने त्यांचे डोळे भरले.

नम्रताने त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"अहो, जबडा खरंच आखडलाय त्यांचा. महिनाभर व्यायाम, मऊ जेवण आणि बोलणं अगदी कमी. बघण्यापासून साखरपुड्यापर्यंत सगळं तेवढ्यात उरकता आलं तर बघा."

वेणूबाईंनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, होणाऱ्या सुनेकडे पाहिलं, आणि निमूटपणे मिटलं.