गाडीतला गिझर

सिद्धेश परबने गाडीत गिझर बसवायचं ठरवलं तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त काचा होत्या. माणसं नव्हती, आणि मेलेली माणसं तर नव्हतीच नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे जे झालं ते बघून दहिसरच्या त्याच्याच चाळीत काही लोक म्हणाले, की ह्याने सगळं पहिल्यापासून योजलं होतं. सिद्धेशला ओळखणारं माणूस (म्हणजे त्याची बायको निधी) असं कधीच म्हणणार नाही. सिद्धेशने आजवर योजून केलेली एकमेव गोष्ट म्हणजे लग्न, आणि तेही निधीने योजलं होतं.

धंदा काचा पुसायचा. एक जुनी व्हॅन, दोन शिड्या, लांब दांड्याचे वायपर, छपरावर काळी पाण्याची टाकी. गाडीच्या दोन्ही अंगांना पिवळ्या अक्षरांत 'काचा चकाचक' आणि खाली निधीचा मोबाईल नंबर. निधीचा अशासाठी, की सिद्धेशला फोनवर कोणाला 'नाही' म्हणता येत नसे. (समोरासमोरही येत नसे, पण त्यावर अजून उपाय सापडलेला नव्हता.)

ह्या धंद्यासाठी त्याने अंधेरीची स्टोअरकीपरची नोकरी सोडली होती. तिथे त्याचा साहेब होता राजेश, निधीचा सख्खा भाऊ. राजेशने ती जागा जानेवारीअखेरपर्यंत रिकामी ठेवली होती, आणि दर रविवारी फोन करून ती अजून रिकामीच असल्याचं कळवत होता. भावोजींना मेहुण्याने 'उशीर झाला' म्हणून सर्वांदेखत उभं करावं, हे सिद्धेशने चार वर्षं सोसलं होतं. पाचवं वर्ष नको, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा.

ती पुरी करू शकेल असा एकच माणूस होता, मढचे हरेश्वर कोळी. वडील मासेमारी करायचे, हरेश्वर बंगला शूटिंगला भाड्याने देतात. बंगल्याला समुद्राच्या बाजूने भिंत म्हणून नाहीच, सगळी काच. तिच्यावर खारं वारं, होड्यांचा धूर आणि शेजारी वाळत घातलेल्या बोंबलांचा तेलकटपणा असा तिहेरी थर. सिद्धेशने तासभर थंड पाण्याने घासलं. थर होता तिथून उठला आणि बाजूच्या काचेवर जाऊन बसला.

"गरम पाण्याबिगर नाय निघायचा," हरेश्वर म्हणाले. "आनि माझ्या बाथरूममधनं बादल्या न्यायच्या नाय. लादी भारी हाय."

"मी आणतो ना गरम पाणी," सिद्धेश म्हणाला. कसं आणणार, हा विचार वाक्यामागून यायला हवा होता, पण तोही आला नाही.

"वीस तारखेला, मंगळवारी ये. बुधवारी शूटिंग हाय, लग्नाचा सीन. काच दिसली नाय पायजे, समुद्र दिसला पायजे. जमलं तर वर्षाचं काम तुझं. भावांचे तीन बंगले हाय, तेपन तुझेच."

घरी येऊन त्याने चाळीतल्याच पिंटू प्लंबरला बोलावलं.

"गिझर. कुठे बसवायचा?" पिंटू म्हणाला.

"गाडीत."

"गाडीत कोणाला आंघोळ घालायचीय?"

"काचांना."

पिंटूने त्याच्याकडे बघितलं, मग निधीकडे बघितलं. निधीने 'हो, असेच आहेत' अशी मान हलवली आणि पिंटू कामाला लागला. एका बंद पडलेल्या लॉजमधून उचललेला पन्नास लिटरचा गिझर चाळीतल्या चौघांनी मिळून आणला. मागे शिड्या होत्या, म्हणून तो बसला पुढे, ड्रायव्हरशेजारी. म्हणजे निधीच्या सीटवर. सीट काढून लोखंडी चौकट ठोकली, टाकीचा पाइप वरून आत घेतला, बाहेर फवाऱ्याची नळी काढली. विजेची लांब वायर गुंडाळून ठेवली. जिथे काम तिथला प्लग. एवढं करून सिद्धेशने गिझरला सीटबेल्ट लावला.

"मग मी कुठे बसू?" निधीने विचारलं.

"मागे, बादलीवर. उलटी केली की मस्त बसता येतं."

निधी बेल्टकडे बघत राहिली. "मला कधी म्हणाला नाहीस, बेल्ट लाव म्हणून."

सिद्धेशने गिझरचा बेल्ट आणखी एकदा ओढून बघितला.

रविवारी सकाळी गणपती मंडळाच्या ऑफिसातून वायर ओढून गिझर पहिल्यांदा चालू केला. लाल दिवा लागला, पाणी तापलं, सिद्धेशने नळीखाली हात धरला आणि तो खरंच सुखावला. तेवढ्यात नऊ नंबरच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. दशरथकाका गेले. तीन महिने अंथरुणाला खिळले होते, आज गेले.

माणसं जमली, तिरडी बांधली, सगळे गेले, संध्याकाळी परतले. आता चाळीची रीत अशी, की मयतीहून आलेल्या माणसाने अंगावरून पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि चाळीचा नळ असा, की सकाळी पाऊण तास येतो आणि जातो. त्या दिवशी तर आलाच नव्हता. तेवीस पुरुष, जानेवारीची थंडी, सगळे आपापल्या दाराबाहेर उभे. बायका आत, चहा आत, पुरुष बाहेर.

दशरथकाकांची बहीण प्रेमाकाकू डोळे पुसत सिद्धेशजवळ आली. "सिद्धू, तुझ्या गाडयेत गरम पाणी आसा मां रे?"

"आहे काकू. पण ते काचांसाठी..."

"आमची माणसा काय काचेपेक्षा हलकी?"

झालं. तेवीस पुरुष ओळीने व्हॅनमागे उभे राहिले आणि सिद्धेश शिडीच्या पायरीवर बसून फवारा धरू लागला. ओळीत शेवटी दशरथकाकांचा मुलगा सुयोग होता. स्मशानात त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. डोक्यावर गरम पाणी पडलं आणि तो खाली बसून हुंदके देऊन रडायला लागला. पाण्यात दिसणार नाही असं त्याला वाटलं असावं. सगळ्यांना दिसलं. पिंटूने फक्त नळ थोडा मोठा केला.

त्या रात्री सिद्धेशला छान झोप लागली. आयुष्यात प्रथमच आपला काही उपयोग झाला असं त्याला वाटलं. अशा भावनेपासून माणसाने सावध राहावं.

कारण कोणीतरी त्या ओळीचा व्हिडिओ काढला होता. 'दुःखात गरम पाण्याचा आधार' असं वर लिहून तो ग्रुपवर टाकला होता. मागे 'काचा चकाचक' आणि निधीचा नंबर, स्पष्ट.

बुधवारी पहिला फोन आला, बोरिवलीहून. निधी म्हणाली, आम्ही फक्त काचा पुसतो. पलीकडचा माणूस रडायला लागला. निधीने फोन सिद्धेशला दिला. (चूक तिची नाही. ती घाबरली.) सिद्धेश म्हणाला, "पोचतो."

मग फोन येतच गेले. दहिसर, कांदिवली, पुन्हा बोरिवली. काचांसाठी एकही नाही. ज्या सोसायटीत तो वर्षभर काचांसाठी खेटे घालत होता, तिथला वॉचमन आता लांबून गाडी दिसली की गेट लावून घेऊ लागला. आठवडाभरात निधी मात्र सराईत झाली.

"माणसं किती? वीस. प्लग कुठे मिळेल? उतार कोणत्या बाजूला आहे, पाणी तुंबायला नको. निघणार कधी? काय? अहो, मग आत्ता कशाला फोन केलात?"

तिने फोनवर हात ठेवला. "ते अजून आहेत म्हणे. डॉक्टरांनी शुक्रवार सांगितलाय. शुक्रवार रिकामा आहे का विचारतात."

"मग काय सांगायचं?" सिद्धेश पुटपुटला.

"मला विचारू नकोस, मला भीती वाटते," निधी म्हणाली आणि डायरीत शुक्रवारपुढे पेन्सिलने बारीक फुली केली. पेनाने करायचा तिला धीर झाला नाही.

शनिवारी फोन आला तो भाटीहून, मढच्या अलीकडचं कोळ्यांचं गाव. सिद्धेश गेला. साठ माणसं होती, मढची अर्धी आळी आलेली. हरेश्वर तेवढे नव्हते, ते पालघरला लग्नाला गेले होते. सगळ्यांनी गरम पाणी घेतलं, सगळ्यांनी गाडी नीट बघून ठेवली. सिद्धेशला वाटलं, बरंच झालं, ओळख झाली.

मंगळवार उजाडला. निधीने निघताना देवाला हात जोडले, गिझरचा बेल्ट स्वतः तपासला आणि म्हणाली, "आज कोणाचाही फोन आला तरी मी उचलणार नाही. तू फक्त काचा पूस."

हरेश्वर धक्क्यावर वडिलांच्या जुन्या होडीच्या कामाला गेले होते. जाताना गड्याला सांगून गेले होते, काचवाला येईल, प्लग दे. घरात त्यांची आई सगुणाबाय, वय सत्त्याऐंशी, आठवडाभर तापाने आतल्या खोलीत पडून. सिद्धेशने गाडी फाटकात उभी केली, वायर जोडली आणि नळी घेऊन समुद्राच्या बाजूला शिडी लावली.

आणि थर निघाला. गरम पाणी लागताच तो ओघळून खाली आला, वायपर एकदा फिरला आणि काच नाहीशी झाली. सिद्धेश पाऊण तास वेड्यासारखा पुसत होता. एक, दोन, पाच, नऊ. राजेश, स्टोअररूम, हजेरीचं मशीन, सगळं त्या पाण्यासोबत वाहून चाललं होतं. दहावी काच त्याने इतकी लखलखीत पुसली की तिच्यात मागचं सगळं दिसू लागलं.

मागे शंभरेक माणसं उभी होती. पुढच्या दोघांच्या खांद्यावर बांबू होते. एकाच्या हातात मडकं होतं.

सिद्धेश शिडीवरून हळूहळू उतरला. "कोण गेलं?" त्याने दबल्या आवाजात विचारलं.

"तूच सांग," बांबूवाला म्हणाला. "गाडी तुझी."

तर झालं होतं असं. मासळी विकायला निघालेल्या बायकांनी गाडी बघितली. गाडी हरेश्वरच्या फाटकात, सगुणाबाय आठ दिवस आजारी. आणखी काय विचारायचं? एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने आळीला. सुटायच्या बेतात असलेल्या होड्या थांबल्या. हार आले. मागच्या बाजूला पुरुष जमले होते आणि पुढच्या ओटीवर बायका बसून रडण्याचा सूर लावत होत्या.

सिद्धेशला घेऊन पुरुष पुढे ओटीपाशी आले, तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि काठी टेकत सगुणाबाय ओटीवर आली. सूर एकदम तुटला.

"कोन गेला गो?" तिने विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी शेजारची हेमांगी खाली बघत म्हणाली, "तुमी, बाय."

सगुणाबायने ते ऐकून घेतलं. बांबूंकडे बघितलं. हारांकडे बघितलं. "झेंडूच आनले? आबोलीचं नाय गावलं?" ती म्हणाली आणि खुर्ची मागवून बसली.

मग हरेश्वर आले. त्यांना धक्क्यावर निरोप गेला होता. चिखलाचे अनवाणी पाय, फाटकातून पळत आलेला पन्नाशीचा माणूस आईला खुर्चीत बसलेलं बघून तिथेच जमिनीवर बसला. तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून रडला. सगुणाबाय त्याच्या डोक्यावर थोपटत होती आणि सिद्धेशला वाटत होतं, समुद्र अगदी जवळ आहे, चार पावलं चाललं की झालं.

शूटिंगची मॅनेजर श्वेता नेमकी तेव्हा जागा बघायला पोचली. तिने बांबू बघितले, मडकं बघितलं, रडणारे मालक बघितले. "सर, उद्या आमचा लग्नाचा सीन आहे," ती म्हणाली. "आम्ही गोराईचा बंगला घेतो." आणि ती आल्या रिक्षाने परत गेली.

हरेश्वर उठले. सिद्धेशपाशी आले. एका काचेवरून बोट फिरवून बघितलं.

"काचा बेस झाल्या," ते म्हणाले.

"मग वर्षाचं काम..."

"ही गाडी परत ह्या आळीत दिसली ना, तर चाकं काढून घेईन."

"असा कसा रं दिसनार नाय," खुर्चीतून सगुणाबाय म्हणाली. "माझ्या टायमाला हाच पायजे. लिवून घे रं पोरा. आनि आता जरा माझ्या पायांवर पानी घाल, गुडघे धरलेत."

सिद्धेशने तिच्या पायांवर गरम पाणी घातलं. दुसरं काय करणार?

पण तेवढ्यावर भागलं नाही. आळीतले एक म्हातारे म्हणाले, कोणी मेलं नाही हे खरं, पण आपण निघालो होतो मयतीला, बांबूला हात लावलाय, आता तसंच घरात कसं शिरायचं? सगळ्यांना ते पटलं. शंभर माणसं ओळीने उभी राहिली आणि टाकीतला शेवटचा थेंब संपेपर्यंत सिद्धेश नळी धरून उभा होता.

संध्याकाळी तो चाळीत पोचला तेव्हा निधी दारातच होती. तो चप्पल काढून आत पाऊल टाकणार, तोच तिने हात आडवा केला.

"राजेशदादाचा फोन होता. मी हो सांगून टाकलं. दोन तारखेला, सोमवारी नऊ वाजता."

सिद्धेशने मान डोलावली आणि पुन्हा पाऊल उचललं. हात तिथेच होता.

"आधी आंघोळ."

"कोणी मेलं नाही गं तिथे."

"धंदा गेला ना?" निधी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हात हलला नाही. "असं नाही यायचं घरात."

तो व्हॅनमागे गेला. फवारा डोक्यावर धरला आणि नळ फिरवला. नळीने एकदा खाकरल्यासारखा आवाज केला, बस. मग पिंटूने कोपऱ्यातल्या पिंपातून बादली भरून आणली.

"थंड आहे," पिंटू म्हणाला आणि ओतली.