बिनकडीचं न्हाणीघर

महेंद्रने न्हाणीघराच्या दाराची कडी काढली, चारही स्क्रू मुठीत घेतले आणि आईकडे न बघताच म्हणाला, "आये, हा तुझ्याच भल्यासाठी हाय."

सुंदराबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"माझ्या भल्यासाठी काय काय काढून घेणार हायस रे? आधी जेवणातला मीठ काढलास. मग बसायचा पाट काढलास, गुडघे दुखतात म्हणून. आज कडी काढलीस. उद्या दारपण काढ!"

"तसं नाही हो आई," रसिका स्वयंपाकघरातून म्हणाली. रसिका म्हणजे महेंद्रची बायको, आरोग्यसेविका. तालुक्याला वृद्धांच्या काळजीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ती नुकतीच परतली होती. "आंघोळीला गेलेलं माणूस आत पडलं आणि कडी आतून असली, तर बाहेरच्यांनी करायचं काय? साठीच्या पुढच्या माणसानं आतून कडी लावायची नाही, असं शिकवलंय आम्हाला."

"मी पंच्याहत्तरीची हाय. साठीनंतर पंधरा वर्सा लावत आली. तेव्हा काय झाला?"

पण कडी गेली ती गेलीच.

ती कडी म्हणजे सुंदराबाईंना काय होती, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या संगमेश्वराकडच्या एका वाडीत आल्या, तेव्हा बायकांची न्हाणी म्हणजे चार बांबू आणि नारळाच्या झावळ्यांचा आडोसा. दार नाहीच. पुरुष उठायच्या आत, काळोखात, थंडीने दात वाजत असताना आंघोळ उरकायची. जराशी पावलं वाजली तरी "कोन हाय?" म्हणून ओरडायचं आणि ओल्या अंगाला लुगडं चिकटवून बसायचं. अशी अठरा वर्षं गेली. मग त्यांचे यजमान रामजी मुंबईच्या गोदीतून रजेवर आले. त्यांनी परसात चार चिरे रचले, वर पत्रा घातला, फळ्यांचं दार लावलं आणि पिशवीतून एक लोखंडी कडी काढली. "ही तुझी," म्हणाले. लोकांच्या बायकांना मुंबईहून साड्या यायच्या. सुंदराबाई त्या दिवशी आत गेल्या, कडी लावली, आणि पाणी थंड होईपर्यंत अंगावर तांब्याही न घेता नुसत्या बसून राहिल्या. कुणीही येणार नव्हतं.

पुढे महेंद्रला जिल्हा परिषदेत नोकरी लागली, रत्नागिरीत घर झालं. पांढऱ्या फरशीचं न्हाणीघर झालं, प्लास्टिकचं दार आलं. कडी स्टीलची झाली, पण काम तेच करायची.

आता कडीच्या जागी चार भोकं होती आणि रसिकाचा एक नियम होता. आत असताना आईंनी सतत आवाज करत राहायचं. आवाज थांबला की बाहेरून हाक मारली जाईल.

"आवाज म्हणजे काय करू? शिट्टी मारू?"

"गाणं म्हणा की आजी," नात दीक्षा म्हणाली. ती कॉलेजात होती आणि तिला सगळ्याची गंमत वाटायची.

पण सुंदराबाईंना येत होती ती सगळी गाणी बाबासाहेबांची, आणि ती अंगाला साबण लावून म्हणायची नाहीत असं त्यांचं मत होतं. शेवटी त्यांनी रत्नागिरीहून गावाकडच्या वाटेवरचे एसटीचे थांबे म्हणायला सुरुवात केली. आत शिरल्यावर कुवारबाव. मग खेडशी, हातखंबा, निवळी, बावनदी, वांद्री. एकेक थांबा सावकाश, दोनदा-तीनदा. अंग पुसून बाहेर येताना संगमेश्वर. चार दिवसांत घरच्यांच्या कानांना इतकी सवय झाली की महेंद्र पेपर वाचता वाचता म्हणायचा, "बावनदी आली. चहा ठेव गो दीक्षा."

यात एकच अडचण होती. सुंदराबाई मशेरी लावायच्या.

रसिकाने घरात मशेरीवर बंदी घालून तीन वर्षं झाली होती. तिने मऊ दातांचा ब्रश आणून दिला होता, पेस्ट आणली होती, तोंडाच्या कॅन्सरची चित्रं असलेला तक्ता दाखवला होता. सुंदराबाईंनी तक्ता नीट बघितला, "अरे देवा" म्हटलं आणि डबी न्हाणीघराच्या झरोक्यात, जुन्या टाल्कम पावडरच्या डब्यामागे हलवली. कडी होती तोवर सगळं सुरळीत होतं. आता बिनकडीच्या दाराला त्यांनी पाण्याने भरलेली मोठी बादली आतून लावायला सुरुवात केली. आणि मशेरी तोंडात असताना बोलता येत नसल्यामुळे निवळी आणि बावनदीच्या मध्ये अर्ध्या मिनिटात दात घासून, तोंड धुऊन मोकळं व्हायचं, असं वेळापत्रक बसवलं.

रविवारी ते वेळापत्रक चुकलं. मशेरी ताजी भाजलेली होती, हात सढळ पडला. तोंड भरलं, डोक्यात छान झिणझिण्या आल्या आणि सुंदराबाई डोळे मिटून स्टुलावर जरा जास्तच वेळ बसल्या.

"निवळी संपून किती वेळ झाला हो?" रसिकाने घावन उलटता उलटता विचारलं.

महेंद्र आरशासमोर दाढी करत होता. "झाला असेल मिनिटभर."

"मग बावनदी का नाही आली?" तिने गॅस बंद केला आणि दाराशी गेली. "आई?"

"हूं."

"ठीक आहात ना?"

"हूं हूं."

"हूं नको, नीट बोला. आज वार कुठला ते सांगा."

सुंदराबाई दचकल्या. थुंकावं, तर समोर रसिकाची पांढरीशुभ्र फरशी. धुवायला पाणी हवं, आणि नळ सकाळी सातलाच गेला होता. होतं ते सगळं पाणी दाराला लावलेल्या बादलीत. पाणी उपसलं की बादली हलकी होणार आणि दार उघडणार. त्यांनी निम्मी मशेरी गिळून टाकायचा विचार केला आणि तो अमलातही आणला. ती त्यांची दुसरी चूक. घशातून उचकी आली, ती इतकी मोठी की बाहेर ऐकू गेली.

रसिकाने दार ढकललं. दार दोन बोटं हललं आणि अडकलं.

"अहो, धावा! आई दाराला टेकून पडल्यात! बोलता येत नाही त्यांना!"

महेंद्र अर्ध्या गालावर फेस घेऊन धावला. आरडाओरडा ऐकून शेजारचे हरिश्चंद्र मधला दगडी गडगा ओलांडून आले. ते एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. संकट आलं की आधी माहिती घ्यायची, अशी त्यांची सवय.

"वयनी कुठं थांबल्या?"

"निवळीला!"

"निवळीला? म्हंजे घाट लागायच्या आधीच?" हरिश्चंद्र गंभीर झाले. "बाजूला व्हा."

त्यांनी खांदा दिला. प्लास्टिकचं दार ते, त्याला एवढी ताकद अपेक्षितच नव्हती. बिजागऱ्या निखळल्या, दार बादलीवर आडवं झालं, बादली उलटली आणि हरिश्चंद्र पाण्याबरोबर घसरत थेट भिंतीपर्यंत गेले.

समोर स्टुलावर सुंदराबाई बसल्या होत्या. सोडायला घेतलेली साडी त्यांनी गडबडीत पुन्हा अंगाभोवती गुंडाळली होती आणि दोन्ही हातांनी गळ्याशी घट्ट धरली होती. ओठ मिटलेले, डोळे मोठे, कपाळावर घाम.

रसिका घाबरली असली तरी तिला प्रशिक्षण आठवलं. अर्धांगवायू ओळखायच्या तीन खुणा. आळीतल्या प्रत्येक घरात तिने स्वतः हा तक्ता चिकटवला होता.

"आई, माझ्याकडे बघा. हसा बघू!"

सुंदराबाईंनी ओठ आणखी घट्ट मिटले. हसणं म्हणजे दात दाखवणं, आणि दात त्या क्षणी तव्यासारखे काळे होते.

"हसता येत नाही!" रसिकाचा आवाज चिरकला. "बरं, दोन्ही हात वर करा. वर, असे!"

सुंदराबाईंनी भिंतीशी बसलेल्या हरिश्चंद्रांकडे बघितलं, मग साडीकडे बघितलं. हात जागचे हलले नाहीत.

"हातपण गेले! एक वाक्य बोला आई. काहीही बोला!"

"हूं," सुंदराबाई म्हणाल्या आणि उचकी दिली.

"तोंड, हात, वाचा, तिन्ही गेली! दीक्षा, एकशे आठ लाव!"

महेंद्रने आईचे पाय धरले. फेस आणि अश्रू एकत्र गळू लागले. "आये, मी कडी परत लावतो गो! पण बोल!"

त्याला दोन शब्द ऐकवावेत, असं सुंदराबाईंना फार वाटलं. पण ते तोंडात मावण्यासारखे नव्हते.

रुग्णवाहिका आली तोवर अंगणात पंधरा माणसं जमली होती. दीक्षाने आजीला शालीत गुंडाळून पडवीत खुर्चीवर बसवलं होतं. सगळे वाट सोडून कडेला उभे होते; कुणी हळहळत होतं, कुणी सुंदराबाई किती हसतमुख होत्या ते सांगत होतं. गाडीतून एक तरुण डॉक्टरीण उतरली. तिने नाडी बघितली, रक्तदाब बघितला, डोळ्यांत बॅटरी मारली.

"आजी, तोंड उघडा."

सुंदराबाईंनी मान हलवली. नाही.

डॉक्टरीण जवळ वाकली. तिने एकदा श्वास आत घेतला आणि त्यांच्या कानाशी अगदी हळू म्हणाली, "माझी आजीपण लावायची. जा, थुंकून या. मग बोलू."

सुंदराबाई उठल्या. शाल सावरली आणि पंधरा माणसांच्या मधून, ताठ मानेनं, मागच्या परसात गेल्या. तिथून बराच वेळ चूळ भरल्याचा आवाज आला. परत येऊन त्या रसिकासमोर उभ्या राहिल्या.

"आज रविवार हाय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरणीने कागद भरला. सुंदराबाईंचा रक्तदाब तरुण माणसाला शोभेलसा होता. जाता जाता तिने महेंद्रचाही बघितला आणि यंत्राकडे दोनदा पाहिलं. "काका, तुम्ही बसा जरा. उद्या दवाखान्यात जाऊन गोळी चालू करून घ्या. आणि आंघोळीला जाताना आतून कडी लावू नका."

कडी लावायला दारच उरलं नव्हतं. नवीन दार चार दिवसांनी मिळणार होतं. तोवर न्हाणीघराला एक चादर टांगली. दीक्षा पहिल्याच दिवशी कपडे घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली. रसिका पहाटे चारला उठून आंघोळ उरकू लागली. सुंदराबाईंना झावळ्यांची सवय होती. त्यांनी चादरीच्या कडेला दोन दगड बांधले आणि त्या निवांत न्हाल्या.

हाल झाले ते महेंद्रचे. तो आत गेला की खाडीवरून वारा सुटायचा. एका हाताने चादर धरून एका हाताने साबण लावता लावता तो "मी हाय आत! मी हाय आत!" असं ओरडत राहायचा. तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्र पेपर मागायला आले, घरात कुणी दिसेना म्हणून मागच्या बाजूला गेले आणि वाऱ्याने नेमकं तेव्हाच काम साधलं.

"सावकाश होऊ दे," हरिश्चंद्र म्हणाले आणि पेपर न घेताच परत गेले.

त्या संध्याकाळी महेंद्र बाजारातून कडी घेऊन आला. एक नव्हे, दोन.

"लावा," रसिका म्हणाली. ती त्या रविवारपासून सासूशी कामापुरतंच बोलत होती. "पण आई, मशेरीची डबी आधी माझ्या हातात. तिन्ही खुणा दिसल्या तेव्हा मला काय वाटलं, तुम्हाला ठाऊक नाही."

सुंदराबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग त्या उठल्या, झरोक्यातून डबी काढली, एकदा झाकण उघडून वास घेतला आणि पन्नास वर्षांची सोबत सुनेच्या तळहातावर ठेवली.

"पण मी कडी लावली, की हाका मारायच्या नाय. वार नाय विचारायचा."

"नाही विचारणार."

नवं दार आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराबाई आत गेल्या आणि कडी लावली. खट्ट वाजलं. आवाज करायची गरज नव्हती. त्यांनी ब्रश केला, आंघोळ केली, केसांना पाणी लागू न देता मान घासली. बाहेरून कुणाची हाक नाही, कुणाचं पाऊल नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कसं छान वाटत होतं. मग जरा कमी छान वाटू लागलं. एवढी शांतता? सगळी गेली कुठं? माणूस आत पडलं असतं तर?

"अरे, कोन हाय का भायेर?" शेवटी त्या ओरडल्या. "मी बरी हाय!"

"माहीत आहे, आई," दाराच्या अगदी पलीकडून, वीतभर अंतरावरून रसिकाचा आवाज आला.

सुंदराबाई दाराजवळ सरकल्या.

"तू गो कधीपासून उभी हायस तितं?"

"तुम्ही कडी लावलीत तेव्हापासून."