हेल्मेटातला धान

आमच्या मरोद्यात, हिंदी मुलखातल्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, शेजारच्या निमजे भाऊजींकडे कोणीही गेलं, तरी ते फाटकापाशीच चप्पल काढायला लावतात. आत काही देऊळ नाही, शेत आहे. शेत म्हणजे भिंतीला लागून ओळीनं उताणी मांडलेली अकरा पिवळी हेल्मेटं, प्लांटमधली, जुनी. त्यांत माती, मातीवर बोटभर पाणी आणि पाण्यात धान.

"हेल्मेटात पाणी जिरत नाही, वहिनी. धानाले तेच पाहिजे," असं मला सांगतात.

छत्तीस वर्षं हा माणूस कोक ओव्हनच्या आगीसमोर उभा राहिला. पण काय करता म्हणून विचारा, उत्तर एकच. "कास्तकार माणूस आहो मी." बँकेच्या फॉर्मवर कास्तकार, दवाखान्याच्या चिठ्ठीवर कास्तकार. एकदा दाताच्या डॉक्टरनं सहज विचारलं, "काका, खेत किधर है?" तर यांनी तोंडात कापूस असताना आमगावकडच्या दोन एकरांच्या चारही सीमा सांगितल्या. मागचे दोन पेशंट उठून घरी गेले.

ते दोन एकर मात्र खरे होते बरं का. वडिलांमागे थोरले म्हणून सातबाऱ्यावर भाऊजींचं एकट्याचं नाव लागलं. कसायचा धाकटा भाऊ, आणि तो वारल्यापासून त्याची बायको सुलोचना. भाऊजी वर्षातून दोनदा लोकलनं जायचे, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभे राहून तिला सल्ले द्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे.

मग कोरोना आला, गाड्या बंद झाल्या. सरकारनं त्या संकटात मदत म्हणून शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे टाकले, आणि एका सकाळी भाऊजींच्या मोबाईलवर मेसेज आला. मास्क लावून माणूस गल्लीभर फिरला. दोन हातांचं अंतर राखायचं म्हणून मोबाईल काठीच्या टोकाला बांधलेला, आणि ती काठी प्रत्येकाच्या नाकापुढे.

"वाचा. किसान म्हटलं मले. सरकारनं."

"अहो, चष्म्याले लागल ना काठी," मी म्हटलं.

माझ्याच ओट्यावरून त्यांनी मोबाईल सोडवून सुलोचनाला फोन लावला, स्पीकर सुरू करून. मलाही ऐकू यावं ना.

"सुलोचना, पैसे आले सरकारचे. कास्तकाराचे."

तिकडून पाण्यात पाय उचलल्याचा आवाज आला. "बरं झालं, भाऊजी. मी धानाचा रोवणा करून राहिली. बाया नाही भेटल्या औंदा, एकटीच आहो. मंग बोलू?"

भाऊजींनी फोन खिशात ठेवला. काठी माझ्या ओट्यावरच विसरून गेले. त्यानंतर तो मेसेज त्यांनी कोणालाच दाखवला नाही. दिवाळी झाल्यावर स्कूटरनं गावाला गेले ते चार दिवसांनी आले. विचारलं तर म्हणाले, "काम होतं तलाठ्याकडे." एवढंच. चार सीमा सांगणारा माणूस, मला तेव्हाच खटकलं.

पुढच्या पावसाळ्यात लसीच्या रांगेत ते माझ्या पुढे होते. टेबलावरच्या पोरीनं विचारलं, "काका, काम क्या करते हो?"

मी खुर्ची शोधली. आता वेळ लागणार.

"रिटायर. प्लांट," भाऊजी म्हणाले.

मला राहवलं नाही. "किसान लिख, बेटी. किसान हैं ये."

"नको, वहिनी. खोटं कावून लिहावं तिनं?" मग मास्कच्या आडूनच हळू म्हणाले, "शेत सुलोचनाच्या नावानं करून देलं मी. चिखलात उभी ती, अन् मेसेज मले. आता तिलेच येते."

बाही वर करून त्यांनी दंड पुढे केला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

संध्याकाळी वर्षभर राहिलेली ती काठी परत करायला मी गेले. फाटकापाशी त्यांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या. आत भाऊजी उकिडवे बसून हेल्मेटातलं तण उपटत होते.

मीही चप्पल काढली.