देवाची प्रत

अन्यायाविरुद्ध उठणारा पहिला आवाज नेहमी एकटाच असतो, असं थोर लोक सांगून गेले आहेत. तो आवाज मस्कतला, अल् घुब्रात आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि दर शुक्रवारी जेवण झालं की कार्बन पेपर शोधतो.

इनास डिमेलो मूळचे वसईचे. गाला या औद्योगिक वस्तीतल्या एका गॅरेजमध्ये सव्वीस वर्षं स्पेअर पार्टच्या काउंटरवर आहेत. सगळी इमारत त्यांना इनासकाका म्हणते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आठवडाभर ते लोकांना ब्रेकपॅड देतात आणि शुक्रवारी चर्चमधून, मिस्साहून आले की लोकप्रतिनिधींना न्यायबुद्धी.

पत्रं फक्त निवडून आलेल्या माणसाला, हा त्यांचा नियम. "नेमलेला माणूस फक्त वरच्याला घाबरतो, सावंत. निवडून आलेला खालच्यालाही घाबरतो. आपला मालक, अर्बाब, दोन्हींत बसत नाही, म्हणून त्याला इन्शाल्ला म्हणायचं आणि गप्प बसायचं."

विषय एकच, माणसाला कातडीच्या रंगावरून वागवणं. गोरं करणाऱ्या मलमांच्या जाहिरातींवर खासदारांना सहा पत्रं. आफ्रिकन विद्यार्थ्यांना कोणी खोली देत नाही, यावर आमदारांना अकरा. सुरुवात ठरलेली, 'महोदय, ख्रिस्ती या नात्याने'. मधे कुठेतरी, 'देवाने माणूस आपल्या प्रतिमेत घडवला. रंगाचा डबा कुठला घेतला, ते पवित्र शास्त्रात लिहिलेले नाही.' आणि शेवट, 'याची नोंद झाली पाहिजे.'

प्रत्येक पत्राच्या तीन प्रती. वरची शाईची नेत्याला, दुसरी फाईलला, तिसरी देवाला. ही तिसरी प्रत कपाटावरच्या येशूच्या मूर्तीखाली जाते. कार्बन तिथवर पोचेपर्यंत अक्षरं इतकी पुसट होतात की ती वाचायला सर्वज्ञच लागतो. देवाची पोच कधी आलेली नाही. नेत्यांचीही नाही, त्यामुळे तुलना करता येत नाही.

गेल्या वर्षी मी महाराष्ट्र मंडळाच्या समितीवर निवडून आलो. बिनविरोध, कारण दुसरा उमेदवार सुट्टीवर गेला होता. दुसऱ्या सकाळी दाराखाली लिफाफा. 'महोदय, मुलांच्या नाटकात राक्षसाला काळे फासतात, ते थांबवावे.' मी लिफ्टमध्ये म्हणालो, "काका, मला तोंडी सांगायचं ना."

"काल सांगितलं असतं. आज तुम्ही लोकप्रतिनिधी आहात, महोदय."

राक्षस जांभळा झाला. नाटकानंतर चार मुलं मला इंग्रजीतून विचारायला आली की पुढच्या वर्षी राक्षस व्हायला नाव कुठे द्यायचं. सव्वीस वर्षांत काकांच्या पत्राचा झालेला हा पहिला परिणाम. त्यांनी फाईलमध्ये 'मान्य' असा शेरा मारला.

त्यानंतर त्यांनी मोठं काम काढलं. वसईला ज्या सोसायटीत त्यांचा फ्लॅट आहे, तिथे ठराव आहे. आफ्रिकन माणसाला घर भाड्याने द्यायचं नाही, त्याच्या कुटुंबालाही राहू द्यायचं नाही. तो रद्द करवावा म्हणून आमदारांना अर्ज, सह्यांसकट. इथल्या चर्चच्या आवारात वसईकरांनी अर्ज आदराने वाचला आणि आदराने परत केला. "काका, व्हिसाला काही होणार नाही ना?" हा प्रश्न सात जणांनी विचारला.

"अरे, अर्ज वसईच्या आमदाराला आहे!"

"तरी पण."

शेवटी ते अर्ज घेऊन खाली हमीदभाईंच्या दुकानात आले. हमीदभाई रत्नागिरीचे. तांदूळ मोजता मोजता त्यांनी चष्मा लावला. "'आम्ही खाली सही करणारे ख्रिस्ती.' इनास, मला कधी बाटवलंस रे?"

काकांनी पेन काढलं आणि 'ख्रिस्ती'पुढे 'व त्यांचे शेजारी' असं घातलं. हमीदभाईंनी सही केली, मीही केली. ख्रिस्ती तीन, शेजारी चौदा, असा तो अर्ज झाला.

मंडळात आल्यापासून मला कागदपत्रांचं भान आलं होतं. मी म्हणालो, "काका, मूळ ठरावाची प्रत जोडायला हवी."

काका म्हणाले, बघतो. पुढच्या शुक्रवारी म्हणाले, फाईल सापडत नाही. ज्यांच्याकडे राक्षसाचीही फाईल आहे, त्यांची फाईल सापडेना म्हणून मला आश्चर्य वाटलं. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी दुकानाच्या काउंटरवर एक कागद ठेवला आणि डाळींच्या बरण्यांकडे बघत उभे राहिले.

ती त्याच ठरावाची कार्बन प्रत होती. अक्षर त्यांचं. भाषा घोटीव. शेवटी, 'याची नोंद झाली पाहिजे.' सूचक, इनास डिमेलो, मुक्काम मस्कत.

"सात वर्षं झाली," काका म्हणाले. "सेक्रेटरीचा फोन आला. सोसायटीत चांगलं मराठी लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं."

हमीदभाईंनी माप खाली ठेवलं. "तुझ्या अर्बाबची आजी झांझिबारची. सव्वीस वर्षं ज्याला सलाम करतोस, त्याचा रंग काय रे, इनास?"

काकांनी फोन काढून एक फोटो दाखवला. पुण्यात नर्स असलेली त्यांची मुलगी रीटा, तिच्या शेजारी उंच, काळासावळा, शर्टाचं वरचं बटण लावलेला माणूस आणि दोघांच्या मधे तीन वर्षांची एक मुलगी, दात काढून हसणारी. जावई जोसेफ टांझानियाचा. लग्नाला काका गेले नव्हते. रीटाला या वर्षी वसईच्या दवाखान्यात नोकरी लागली, तेव्हा तिने विचारलं, पप्पा, आपल्या घरात राहू का? घर कुलूप लावून रिकामं पडलेलं.

"मी काय सांगितलं असेल?"

हमीदभाई माझ्याकडे बघू लागले.

"सोसायटीचा ठराव आहे, म्हणून सांगितलं." त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. आता पडद्यावर फक्त छोटी होती. "सेसिल नाव ठेवलंय. तिच्या आजीचं, आमच्या हिचं. एक तारखेला त्यांना पुण्यातली खोली सोडायची आहे. वसईत नऊ एजंटांनी नाही म्हटलं."

आमदारांना लिहिलेली अकरा पत्रं काकांनी मला दाखवली होती, त्यांच्या तारखा मी मनात जुळवल्या. पहिलं पत्र तीन वर्षांपूर्वीचं होतं, सेसिल जन्मली त्या वर्षीचं.

"याची देवाची प्रत?" मी विचारलं.

"ती त्याला दिली नाही," काका म्हणाले.

मग मी म्हणालो, "काका, सोसायटीचा सेक्रेटरीही निवडून आलेलाच असतो." हमीदभाई म्हणाले, "आणि मुलगी कोणी निवडून यायची वाट बघत नसते. चावी कुठाय?"

त्या संध्याकाळी काकांनी सेक्रेटरीला आयुष्यातलं सर्वात छोटं पत्र लिहिलं. 'ठराव मी मांडला होता. तो चुकीचा होता. मागे घेतो.' ख्रिस्ती या नात्याने वगैरे काही नाही. शाईची प्रत मूर्तीखाली गेली, सेक्रेटरीला कार्बन मिळाला.

मी महिनाअखेरीला सुट्टीवर जाणार होतो. काकांनी चावी लिफाफ्यात घालून, लिफाफा चिकटवून माझ्याकडे दिला. वर पत्ता नव्हता, 'रीटास' एवढंच. आत चिठ्ठी आहे का, विचारलं, तर म्हणाले, "तीनदा लिहिली, तीनदा फाडली. खलास. तिला सांगा, बाल्कनीचं दार उचलून लावावं लागतं."

वसईत, फ्लॅटच्या दारात मी रीटाला ते सांगितलं. तिने लिफाफा उलटा करून आतून बघितला, चावी मुठीत धरली आणि म्हणाली, "ते दार मम्मी होती तेव्हापासून तसंच आहे." जोसेफने ते उचलून लावलं. सेक्रेटरी जिन्यात भेटले. पत्र मिळालं म्हणाले, मीटिंगमध्ये बघू म्हणाले, आणि सेसिलने गाल फुगवून दाखवले तेव्हा नाइलाजाने हसले.

निघताना खालच्या पत्रपेटीत काकांच्या नावाचा, आमदारांच्या कार्यालयाचा लिफाफा दिसला. सव्वीस वर्षांतलं पहिलं उत्तर. मी मस्कतला फोन लावला. काका म्हणाले, "फोडा आणि वाचा, महोदय."

मी वाचलं. 'आपले नाव या मतदारसंघाच्या यादीत आढळत नाही. सबब आपल्या पत्राची नोंद घेता येत नाही.'