बाबलीच्या भोंग्यावर लावलेली गिटार

ऑनलाइन गिटार शिकवणाऱ्या गुरूंनी विनीतला एक नियम घालून दिला होता. फोनमधलं सूर दाखवणारं ॲप काढून टाकायचं आणि आसपासचा एकच आवाज कानात धरून रोज त्यावर तारा लावायच्या. त्याने आधी कुकर धरून पाहिला, पण कुकरची शिट्टी आतल्या डाळीप्रमाणे बदले. मग त्याला गाडीवरून मासे विकणाऱ्या बाबलीचा रबरी भोंगा सापडला. तो नेमका पेटीच्या काळी दोनमध्ये वाजे, आणि वाडीचे भजनीबुवा दाजी आयुष्यभर काळी दोनमध्येच गात आले होते. हे ओळखल्यापासून विनीत स्वतःच्या कानावर भलताच खूश होता.

पण गिऱ्हाईक नसताना बाबली पुन्हा पुन्हा भोंगा वाजवणारा नव्हता, त्यामुळे घरात रोज बांगडे येऊ लागले. सोमवारी कोणी मासे खात नाही, बाबली येत नाही, म्हणून रियाजही बंद. "तुमचो कान तयार होयसर माका कल्ले फुटतले," असं त्याची बायको सारिका आमटी ढवळताना म्हणाली. नवऱ्याने ते स्तुतीच्या खात्यात टाकलं.

कान तयार करायचा तो दाजींच्या भजनात बसण्यासाठी. पखवाज वाजवणाऱ्या धोंडूने बरीच रदबदली केल्यावर दाजी वाडीच्या सत्यनारायणाला गिटार घ्यायला कसेबसे राजी झाले. "सुरात रवलस तर दर भजनाक ये," त्यांनी बजावलं, "नायतर गिटार खुटयेक लाव आणि टाळ धर." दाजींचा दरारा तसा होता. हल्ली अभंगाचा वरचा तुकडा आला की त्यांना नेमका खोकला येई आणि तो तुकडा कोरस म्हणे, पण त्याबद्दल बोलण्याची कोणाची छाती नव्हती.

पूजेच्या दिवशी वाडीत मासे शिजणार नव्हते, म्हणून बाबली आत येणार नव्हता. विनीत पाठीवर गिटार टाकून सकाळीच तिठ्यावर जाऊन उभा राहिला.

"मासे घेवचे नाय तर भोंगो कित्याक वाजवू?" बाबलीने रास्त प्रश्न केला.

विनीतने बांगडे विकत घेतले, ते बाबलीच्याच टोपलीत ठेवले आणि भोंगा वाजवून घेतला. तारा बऱ्याच चढलेल्या वाटल्या. खाऱ्या हवेला दोष देऊन त्याने त्या सगळ्या उतरवल्या आणि समाधानाने घरी आला.

संध्याकाळी दाजींनी पेटीवर सूर धरला, विनीतने झोकात गिटार छेडली आणि धोंडूचा हात पखवाजावर तसाच राहिला. दोन वाद्यं दोन गावची वाटत होती. विनीतने घाईघाईने सर्वांत बारीक तार पिळली, तर ती फट्कन तुटली. उरलेल्या तारांना हात लावायचा त्याला धीर होईना. टाळांची टोपली त्याच्या गुडघ्याशीच होती.

रडवेल्या आवाजात त्याने भोंग्याची सगळी हकीकत सांगून टाकली. प्रसादाला येऊन मागे बसलेला बाबली अभिमानाने उठला.

"जुनो फाटलो. काल मालवणसून नवो हाडलो."

मांडव हसला. दाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी पेटीवर बोट खालच्या सुराकडे सरकवलं, काळी एक दाबली. गिटार तिथे चपखल बसत होती. दाजी क्षणभर त्या पट्टीकडे पाहत राहिले, मग घसा खाकरून म्हणाले, "पोराच्यो तारो तोडूच्यो नायत. धोंडू, पखवाज उतरव. आज काळी एकातसून."

वरचा तुकडा आला. कोरसने सवयीने तोंड उघडलं, पण दाजींनी हात करून त्यांना थांबवलं आणि तो तुकडा एकट्याने, खणखणीत म्हटला. मग पुन्हा म्हटला. खोकल्याचं नाव नव्हतं. पाच तारांवर साथ करताना विनीतच्या जिवात जीव आला. पोरासाठी बुवांनी पट्टी सोडली, केवढं मोठं मन, असं बायका प्रसाद घेताना एकमेकींना सांगत होत्या.

दुसऱ्या सकाळी विनीतने ॲप परत घेतलं. बाबलीला जुना भोंगा दुरुस्त करून आणायला सांगावं आणि दाजींची काळी दोन त्यांना परत मिळवून द्यावी, म्हणून तो वाडीच्या बेड्यापर्यंत, फाटकापर्यंत गेला. तिथे बाबलीच्या गाडीपाशी दाजी आधीच पिशवी घेऊन उभे होते. घासाघीस न करता त्यांनी पापलेट घेतलं आणि हळूच म्हणाले, "बाबली, ह्यो भोंगो बदलू नको. पोराचो कान बसलोसा त्याच्यावर."

मागे वळून पाहिलं तर पोर उभं. दाजींना जोराचा खोकला आला.